लोडरच्या मागे कोण आहे? सावली रस्त्यावरच्या एका काँक्रीट प्लांटचं प्रकरण

बडोद्याहून सावलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मंजुसरच्या बाजूला, एका रेडीमिक्स काँक्रीट प्लांटवर गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक मुलगा लोडरखाली येता येता वाचला. त्या लोडरला मागे सेन्सर बसवलेले होते. केबिनमध्ये बजरही होता. फक्त बजरची तार काढून, तिला काळी चिकटपट्टी गुंडाळून, सीटमागे खोचून ठेवली होती.

आमचं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत जड यंत्रांच्या वायरिंगचं वर्कशॉप आहे. प्लांटचे मालक आले ते एवढंच सांगायला, की सेन्सर परत चालू करून द्या आणि तार अशी बसवा की कोणाला काढता येणार नाही. ते काम तासाभराचं होतं, आणि आम्ही ते केलं नाही. त्याऐवजी काय केलं आणि का, ते इथे सविस्तर मांडतो. अशा गुंडाळून ठेवलेल्या तारा मला यार्डायार्डांत दिसतात आणि प्रत्येक ठिकाणी दोष ऑपरेटरच्या माथी मारला जातो.

घटना

प्लांट मध्यम आकाराचा. चार बिन, म्हणजे खडी-रेती भरायच्या टाक्या, एका रांगेत, समोर खडी-रेतीचे ढीग, आणि ढीग ते बिन अशा फेऱ्या मारणारा साधारण दहा टनांचा व्हील लोडर. खडी सेवालियाकडची, रेती ओरसंगची. ढिगापाशी माणसाचं काम नसावं असं बाहेरच्याला वाटेल, पण तिथे रोज सकाळी क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, माणूस जातोच. रेतीतला ओलावा मोजल्याशिवाय बॅच लावता येत नाही. एका घनमीटर काँक्रीटला सातशे किलो रेती पडत असेल आणि ती पाच टक्के ओली असेल, तर पस्तीस लिटर पाणी रेतीबरोबरच आत जातं. तेवढं पाणी कमी केलं नाही तर ताकद घसरते आणि सात दिवसांनी क्यूब, म्हणजे चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे, लवकर फुटतात तेव्हा सगळे क्यूसीवाल्याकडे बघतात.

तर हा मुलगा, रावपुऱ्यातल्या मराठी घरातला, डिप्लोमा करून नुकता लागलेला, ट्रे आणि खुरपं घेऊन रेतीच्या ढिगाच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. लोडरने बिनमध्ये बकेट रिकामी केली आणि रिव्हर्स घेतला. गाडी धूत उभ्या असलेल्या एका ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रायव्हरला ते दिसलं. त्याने केबिनमध्ये हात घालून हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मुलगा बाजूला झेपावला. लोडर थांबला तेव्हा ट्रे मागच्या चाकाखाली चपटा झालेला होता.

कोणाला खरचटलंही नाही. पण असं प्रकरण अपघात मानूनच तपासायला हवं. तो ड्रायव्हर त्या क्षणी गाडी धूत नसता तर बाकी सगळं तसंच घडलं असतं.

तार कोणी काढली

ऑपरेटर खानदेशातला, शहाद्याकडचा, लोडरवर बरीच वर्षं काढलेला. शेठ त्याला काढून टाकायच्या विचारात होते. मी त्यांना एवढीच विनंती केली की आधी मला त्याच्याबरोबर केबिनमध्ये बसू द्या. त्याने काही लपवलं नाही.

"भाऊ, तार तुम्हीच काढली ना?"

"मीच काढली साहेब. तो रोजच ओरडतो. भिंत आली तरी ओरडतो, ढीग आला तरी ओरडतो, माणूस आला तरी तसाच ओरडतो. मग मी त्याचं ऐकून करू काय?"

हे बोलणं सोडून देण्यासारखं नाही. व्हील लोडरची फेरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते: ढिगात पुढे, मागे, वळून बिनकडे पुढे, परत मागे. म्हणजे एका फेरीत दोनदा रिव्हर्स. मोठा स्लॅब चालू असला की फेरीला पाऊण मिनिट लागतं. तासाला ऐंशी फेऱ्या, एकशे साठ रिव्हर्स. आठ तास तसंच चाललं तर बाराशेच्या वर. आणि या यार्डात रिव्हर्समध्ये मागे नेहमीच काहीतरी असतं, कारण जागाच तेवढी आहे: एका अंगाला रेतीची आडभिंत, दुसऱ्या अंगाला खडीचा उतार. बजर जवळजवळ प्रत्येक वेळी वाजणार आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं खोटं ठरणार. दिवसातून हजारदा खोटं बोलणाऱ्याचं एक हजार एकाव्या वेळी कोणी ऐकत नाही. तार जागेवर असती तरी त्या सकाळी भाऊंनी ब्रेक मारला असता याची खात्री मला वाटत नाही.

सेन्सर काढून पाहिले तर ते मोटारीच्या पार्किंगचे निघाले. लोडरची वायरिंग चोवीस व्होल्टची, सेन्सर बारा व्होल्टचे, मध्ये एक व्होल्टेज उतरवणारी डबी चिकटवलेली. ज्याने बसवले त्याने बिलावर "ऑब्जेक्ट डिटेक्शन सिस्टीम" असं लिहिलेलं होतं. असे अल्ट्रासॉनिक सेन्सर साधारण दोन-अडीच मीटरपर्यंतच ओळखतात. गॅरेजमध्ये मुंगीच्या पावलाने मागे येणाऱ्या मोटारीला तेवढं पुरतं. ताशी दहा किलोमीटरने मागे येणारा लोडर अडीच मीटर अंतर एका सेकंदाच्या आत कापतो.

चुन्याच्या रेषा

कोणतंही यंत्र सुचवण्याआधी ऑपरेटरला सीटवरून काय दिसतं ते बघायचं, असा आमचा आग्रह असतो. यासाठी आयएसओ ५००६ हे मानक आहे. यंत्राभोवती बारा मीटर त्रिज्येचं वर्तुळ आणि यंत्राच्या कडेपासून एक मीटरवरची चौकट, या दोन रेषांवर काय झाकलं जातं ते दिवे लावून मोजतात. आमच्याकडे ती प्रयोगशाळा नव्हती. चुन्याची फक्की होती, ती क्रिकेटच्या मैदानावर आखतात तशीच आखली.

रविवारी प्लांट बंद असताना लोडर मोकळ्या जागेत उभा केला, पार्किंग ब्रेक लावला, बकेट जमिनीवर टेकवली. भाऊ सीटवर. क्यूसीचा तोच मुलगा लोडरभोवती चालायला तयार झाला. त्याने स्वतःहून हट्ट धरला होता. तो चालत असताना भाऊ केबिनमधून "आहे... आहे... गेला" असं ओरडायचे. जिथे "गेला" तिथे मी चुना टाकायचो, आणि परत "आला" झालं की तिथेही. उभ्याने एक फेरा झाला. मग उकिडवं बसून, बेडकासारखं सरकत, दुसरा.

उभ्या माणसाची रेषा शेठना फारशी वाईट वाटली नाही. मागे इंजिनाच्या बॉनेटमुळे एक पट्टा झाकला जात होता, पण तीनेक मीटरवर डोकं दिसायला लागत होतं. बसलेल्या माणसाची रेषा आखून झाली तेव्हा मात्र कोणी काही बोललं नाही. काउंटरवेटच्या, म्हणजे लोडरच्या मागच्या वजनदार भागाच्या, मागे पांढरी रेषा लांबच लांब गेली होती, उजव्या मागच्या चाकाकडे आणखी फाकलेली. त्या रेषेच्या आत मुलगा बसला होता आणि भाऊ आरशात, काचेतून, मान वळवून, अर्धवट उठून बघत होते. "नाही दिसत साहेब. खरंच नाही दिसत." मग शेठ स्वतः शिडी चढून सीटवर बसले. त्यांनीही मान वळवून पाहिलं. खाली उतरल्यावर भाऊंना काढण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

हे प्रत्येक यार्डाने करावं असं मला मनापासून वाटतं. चुन्याला शंभर रुपयेही लागत नाहीत. सेन्सर विकणारा माणूस सहसा हे करत नाही. त्याच्या पत्रकात यंत्राभोवती गोल पट्टे छापलेले असतात आणि ते पट्टे सगळ्या यंत्रांना सारखेच असतात.

जाता जाता कायद्याचं एवढंच सांगतो. रस्त्यावर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी आपल्याकडे एआयएस-१६० हे सुरक्षेचं मानक टप्प्याटप्प्याने लागू झालं, पहिला टप्पा एप्रिल २०२१ पासून, आणि त्यात ऑपरेटरला दिसणाऱ्या क्षेत्राचाही विचार आहे. पण ते नव्या यंत्रांना. हा लोडर त्याआधीचा. यार्डात दिसणारी बरीचशी यंत्रं तशीच असतात, त्यामुळे जुन्याला काय लावायचं हा प्रश्न बराच काळ आपल्याकडेच राहणार.

किती मीटर पुरतील

हिशेब सोपा आहे आणि तो ऑपरेटरसमोरच करावा. ताशी दहा किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. इशारा झाल्यापासून पाय ब्रेकवर पूर्ण पडेपर्यंत दीड सेकंद धरला, यंत्रणेचा विलंबही त्यातच, तर चार मीटरच्या वर अंतर तिथेच गेलं. सुक्या, घट्ट जमिनीवर थांबायला आणखी दीड मीटर. पावसात, चिखलावर, त्याच्या दुप्पट. म्हणजे उन्हाळ्यात सहाच्या आसपास, पावसाळ्यात सातच्या वर. आम्ही बाहेरची हद्द आठ मीटर धरली आणि त्याचबरोबर यार्डात रिव्हर्सचा वेग कमी ठेवायचं ठरवलं. वेग निम्मा केला तर थांबण्याचं अंतर निम्म्याहून कमी होतं, आणि त्याला कुठलाही सेन्सर विकत घ्यावा लागत नाही.

काय बसवायचं

रडार आम्हाला मनापासून आवडतं. धूळ, पाऊस, अंधार, काही असो, मिलिमीटर तरंगांचं रडार काम करत राहतं. मोकळ्या जागेत डंपरच्या मागे ते उत्तम. पण त्याला माणूस आणि आडभिंत यांतला फरक नीट सांगता येत नाही. उलट लोखंडी बिन त्याला माणसापेक्षा ठळक दिसतो. या यार्डात रडार एकटं लावलं असतं तर भाऊंची तक्रार तशीच राहिली असती, फक्त महाग झाली असती.

टॅगची पद्धत वेगळी. प्रत्येकाच्या हेल्मेटला किंवा जॅकेटला एक डबी, ती लोडरच्या अँटेनाशी बोलते, अंतर मोजते. माणूस ढिगामागे लपलेला असला तरी कळतं. बंदिस्त कारखान्यात, जिथे येणारा-जाणारा ठरलेला, तिथे ही पद्धत चांगली. इथे सेवालियाहून येणारा डंपरवाला, बिल घेऊन आलेला, टायरचं पंक्चर काढायला आलेला, यांना टॅग कोण देणार? आणि टॅग नसलेला माणूस यंत्रणेच्या लेखी तिथे नसतोच.

थर्मल कॅमेऱ्याचं नाव शेठच्या भाच्याने काढलं होतं. तो रात्री किंवा थंडीत छान चालतो. मे महिन्यात बडोद्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की तापलेली खडी माणसाच्या अंगापेक्षा गरम असते, आणि उष्णतेच्या चित्रात माणूस पार्श्वभूमीत मिसळून जातो.

शेवटी निवड माणूस ओळखणाऱ्या कॅमेऱ्यावर आली. यात कॅमेऱ्याच्या चित्रावर डबीतलंच सॉफ्टवेअर माणसाचा आकार शोधतं आणि माणूस सापडला तरच इशारा देतं. भिंतीला, ढिगाला, बिनला ते गप्प राहतं. भाऊंची अडचण नेमकी तीच होती. त्याच्या कमजोऱ्या आम्हाला माहीत होत्या: मावळतीचं समोरून येणारं ऊन, लेन्सवरची धूळ, आणि वाकलेला किंवा अर्धा झाकलेला माणूस. म्हणून काउंटरवेटवर कमी पल्ल्याचं एक रडारही लावलं, पण ते फक्त शेवटच्या दोन मीटरला जागं होतं आणि त्याचा आवाज वेगळा ठेवला.

इशारा कुठे द्यायचा, हे भाऊंनी सांगितलं. पुरवठादाराचा आग्रह होता की स्क्रीन समोर स्टिअरिंगजवळ बसवा. भाऊ म्हणाले, रिव्हर्स घेताना मी उजव्या खांद्यावरून मागे बघतो, समोर कोण बघतंय? म्हणून लाल दिव्याची पट्टी उजव्या मागच्या खांबावर, त्यांची नजर जिथे जाते तिथे लावली. दुसरी सूचनाही त्यांचीच: आठ मीटरला आवाज नको, नुसता पिवळा दिवा, आवाज पाच मीटरच्या आतच. बाहेरचा "पीं-पीं" भोंगा काढून खसखसणाऱ्या, फवाऱ्यासारख्या आवाजाचा लावला. तो आवाज कुठून येतोय ते कानाला लगेच कळतं, आणि दूर गेल्यावर विरतो. प्लांटच्या मागच्या सोसायटीची तक्रारही त्यामुळे थांबली, पण तो वेगळा विषय.

यार्डात केलेले बदल

पैशांच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथे झाला, म्हणून खरं तर हे आधी करायला हवं. साइटवरून उरून परत आलेलं काँक्रीट साच्यात ओतून प्लांटवाले मोठे ठोकळे करतातच. ते ठोकळे रांगेने मांडून ऑफिसपासून लॅबपर्यंत चालायची वाट वेगळी काढली. ओलाव्याचा नमुना ढिगापाशी जाऊन घेणं बंद झालं. आता लोडर सकाळी पहिली बकेट लॅबजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर ओततो आणि निघून जातो, मग मुलगा तिथे बसून नमुना घेतो. नमुनाही त्यामुळे जास्त खरा येतो. ढिगाच्या पायथ्याची जाडी रेती तेवढी उचलली जात नाही. डंपरवाल्यांसाठी पाण्याचा माठ ढिगाच्या कडेला होता, तो वजनकाट्याजवळ नेला. माठ हलवल्याबरोबर ढिगाकडची निम्मी वर्दळ आपोआप संपली.

चाचणी

अशा यंत्रणांची कामगिरी कशी तपासायची याचं मानक आयएसओ १६००१ आहे. त्याचा गाभा एवढाच, की यंत्रणा कुठे ओळखते आणि कुठे ओळखत नाही याचा नकाशा यंत्रावरच, जागेवरच काढा. आम्ही चुन्याच्या रेषांवर एकेक मीटरचे चौकोन आखले. लोडर उभा, इंजिन चालू, रिव्हर्स सिग्नल दिलेला. प्रत्येक चौकोनात माणूस उभा, मग बसलेला, मग पाठमोरा. जिथे दिवा लागला तिथे काही नाही, जिथे लागला नाही तिथे वीट ठेवायची.

उभ्या माणसाला जवळजवळ सगळीकडे दिवा लागला. रेनकोट घालून, छत्री धरून पाहिलं. छत्रीने डोकं-खांदे झाकले की थोडा उशीर होत होता. खरी अडचण झाडणाऱ्या मावशींची निघाली. यार्ड झाडायला दाहोदकडच्या बायका येतात. डोक्यावरून पदर, कमरेत वाकलेल्या, हातात लांब खराटा. त्यांच्यापैकी एक मावशी मुद्दाम थांबल्या आणि चौकोनाचौकोनात झाडत गेल्या. पाठमोऱ्या वाकल्या की पाच मीटरच्या पलीकडे कॅमेरा त्यांना माणूस मानतच नव्हता. विटा वाढत गेल्या. पुरवठादाराच्या इंजिनिअरने ते डोळ्यांनी पाहिलं म्हणून बरं झालं. ओळखायला शिकवताना ज्या चित्रांचा मारा झालेला असतो त्यात उभी, हेल्मेट घातलेली, जॅकेट घातलेली माणसं भरपूर असतात. पदर घेऊन वाकलेली बाई किती असेल?

कॅमेरा थोडा खाली आणून त्याचा कोन उतरवला, तेव्हा जवळच्या विटा बऱ्याच उचलल्या गेल्या. लांबच्या राहिल्या. त्या यंत्रावर सोडून देणं मला मान्य नव्हतं. म्हणून झाडायची वेळ ठरवली: दुपारच्या जेवणाची. त्या वेळी लोडर उभा, आणि लोडरची चावी मावशींच्या कमरेला. झाडून झालं की त्या स्वतः चावी भाऊंच्या हातात देतात. पहिल्या दिवशी त्या संकोचल्या, भाऊही हसले. आठवड्याभरात सवय झाली.

त्यानंतरचा पावसाळा

कॅमेरा बसवून चार महिने झाल्यावर मी विचारलं, तार काढावीशी वाटली का? भाऊ म्हणाले, "आता तो फुकट ओरडत नाही." दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांनी यंत्रणा चालू ठेवली आहे, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर तर बिघाड झाला की स्वतः फोन करतो. मला यातच काम झाल्याची खूण दिसते.

पावसाने मात्र त्रास दिला. मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट लेन्सवर बसायचा आणि चित्र नुसतं तपकिरी. कॅमेऱ्यावर पत्र्याचा छोटा छज्जा लावला, आणि शिफ्ट सुरू होताना बाटलीभर पाण्याने लेन्स धुणं डिझेल-ऑइलच्या तपासणी यादीत घातलं. सगळ्यात उपयोगी पडली ती जमिनीवरची पिवळी खूण. लोडर उभा राहतो तिथून मागे पाच मीटरवर रंगाने दोन पावलं काढली आहेत. रोज सकाळी हेल्पर त्या पावलांवर उभा राहतो, मग उकिडवा बसतो. दोन्ही वेळा लाल दिवा लागला, भाऊंनी हात दाखवला, की लोडर हलतो. नाही लागला तर हलत नाही. एरवी यंत्रणा बंद पडली आहे हे कळायला अपघातच लागतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मोठं काम आलं की प्लांट दुसरा लोडर भाड्याने आणतो. तो येतो तसा येतो: आरसा फुटलेला, भोंगा नसलेला, ऑपरेटरला यार्ड अनोळखी. शेठनी आता ऑर्डरमध्येच लिहायला सुरुवात केली आहे की माणूस ओळखणारी यंत्रणा नसेल तर यंत्र फाटकाच्या आत येणार नाही. भाडेवाले हो म्हणतात आणि सीझनमध्ये तसाच लोडर पाठवतात. म्हणून आम्ही एक सुटं किट तयार करतोय, जे भाड्याच्या लोडरला अर्ध्या तासात लावता येईल आणि जाताना काढून घेता येईल. चुंबकाची बैठक करून पाहिली, पण खडीवर दोन तास चालल्यावर थरथरीने कॅमेऱ्याचा कोन बदलतो आणि मग हद्दीचा हिशेब चुकतो. सध्या काउंटरवेटला मुळातच असलेल्या दोन बोल्टच्या भोकांत बसणारी पट्टी करून बघतोय. ती बसली तरी चुन्याचे चौकोन त्या लोडरसाठी नव्याने आखावे लागतील, त्यामुळे शेठना सांगितलं आहे की भाड्याचा लोडर येईल त्याच्या आदल्या दिवशी यार्ड दोन तास मोकळं ठेवा.